वेडी बाभूळ : गावाचं सरपण की गायरानाचं मरण?

सोलापूर, धाराशिव किंवा बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात उन्हाळ्याच्या सकाळी एक दृश्य हमखास दिसतं. ओढ्याच्या काठानं किंवा तलावाच्या कोरड्या पोटातून बायका एका रांगेत गावाकडे येत असतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर काटे साळून बांधलेली मोळी आणि हातात कोयता. मोळीतलं लाकूड बहुतेक वेळा एकाच झाडाचं असतं. कुणी त्याला वेडी बाभूळ म्हणतं, कुणी येडी बाभळ, तर कुणी विलायती बाभूळ.

याच झाडाबद्दल दुसरीकडे वेगळीच मागणी जोर धरते आहे. हे परदेशी झाड मुळासकट काढा, त्यानं माळरानं गिळली, तलाव बुजवले, गुरांची चराई संपवली, असं पर्यावरण अभ्यासक आणि पशुपालक सांगतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण ज्या घरची चूल याच झाडावर पेटते, त्या घराचं काय? माजलेली जमीन साफ करण्याचं काम कोणी करायचं, आणि त्यातून निघणारं लाकूड कोणाच्या दारात पडायचं?

हे झाड नेमकं कोणतं?

वेडी बाभूळ म्हणजे प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. मूळ मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग इथलं. नावात बाभूळ असली, तरी ती आपल्या देशी बाभळीच्या वंशातली नाही. उलट दसऱ्याला जिची पूजा होते ती शमी तिला जवळची. राजस्थानात शमीला खेजडी म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही दोन्ही झाडं दीर्घकाळ एकाच प्रजातीगटात ठेवली होती.

देशी आणि वेडी यांच्यातला फरक ओळखणं सोपं आहे. देशी बाभळीला पिवळेधमक गोल गेंद येतात आणि शेंगा मण्यांच्या माळेसारख्या असतात. वेडीला फिकट पिवळे, बोटभर लांब तुरे येतात आणि शेंगा पिवळसर, बऱ्यापैकी सरळ असतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण साफसफाईच्या नावाखाली अनेकदा वेडीबरोबर देशी बाभूळ आणि हिवरही कापले जातात.

ती इथे आली कशी?

ती आपोआप आलेली नाही, आणली गेली. 1870 च्या दशकात ब्रिटिश वनखात्यानं जमैकाहून तिचं बी मागवलं. उद्देश दोन होते : उजाड, कोरड्या जमिनीवर हिरवळ आणायची आणि सरपणाची सोय करायची. कमी पावसात, खारट जमिनीत आणि खडकाळ माळावरही ती जगत होती. जोधपूर संस्थानानं तर 1940 मध्ये तिला राजवृक्षाचा मान देऊन संरक्षण दिलं.

स्वातंत्र्यानंतर हेच धोरण पुढे चाललं. कच्छच्या रणातलं मीठ पुढे सरकू नये म्हणून गुजरातच्या वनखात्यानं 1961 मध्ये बन्नीच्या गवताळ प्रदेशात तिची लागवड केली. 1976 मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगानं सामाजिक वनीकरणाची कल्पना मांडली. लोकांना सरपण आणि चारा गावातच मिळाला, तर राखीव जंगलावरचा ताण कमी होईल, असा तिचा गाभा होता. त्यातून पुढच्या काळात गायरानं, रस्त्यांच्या कडा आणि तलावांचे काठ झटपट वाढणाऱ्या झाडांनी भरले. वेडी बाभूळ त्यातलीच एक.

थोडक्यात, आज ज्याला संकट म्हटलं जातं ते कधीकाळी सरपणाच्या टंचाईवरचं सरकारी उत्तर होतं. आणि सरपण पुरवण्याचं काम त्या झाडानं चोख केलं, हेही मान्य करावं लागतं.

सरपण म्हणून तिला एवढी मागणी का?

पहिलं कारण लाकडाचा दर्जा. वेडीचं लाकूड जड आणि कठीण असतं. ते सावकाश जळतं आणि त्याचा निखारा बराच वेळ टिकतो. भाकरी भाजायला ज्वाळेपेक्षा स्थिर आच लागते, ती या लाकडातून मिळते. वीटभट्टी, गुऱ्हाळ, ढाब्याची भट्टी इथेही ते चालतं.

दुसरं कारण ती परत फुटण्याची ताकद. जमिनीच्या वर कापलं की खुंटातून अनेक धुमारे फुटतात आणि काही वर्षांत ते पुन्हा तोडण्याजोगे होतात. सरपण गोळा करणाऱ्या बाईसाठी ही न संपणारी कोठी आहे.

तिसरं कारण कायद्याशी जोडलेलं आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा, ऐन, जांभूळ अशी झाडं आहेत. ती खासगी जमिनीवर असली, तरी तोडायला परवानगी लागते. वेडी बाभूळ या यादीत नाही. त्यामुळे शेताच्या बांधावरची वेडी तोडायला शेतकऱ्याला या कायद्याची अडचण येत नाही. शहरात मात्र 1975 चा वेगळा कायदा लागू होतो आणि तिथे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

गॅस आला, तरी मोळी का सुटली नाही?

उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली. तिच्यातून देशभरात 10 कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. हे यश मोठं आहे. पण जोडणी मिळणं आणि रोजचा स्वयंपाक गॅसवर होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातली 58.6 टक्के कुटुंबं स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत असल्याचं आढळलं. ग्रामीण भागात हे प्रमाण 43.2 टक्केच होतं.

सरकारी आकडेवारीनुसार 2024-25 मध्ये उज्ज्वला लाभार्थ्यानं वर्षाला सरासरी साडेचारच्या आसपास सिलिंडर भरून घेतले. म्हणजे एक सिलिंडर जवळपास 80 दिवस पुरवायचा. चार-पाच माणसांच्या घरात दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यावर भागणं अवघड आहे. मग सकाळचा चहा आणि घाईची भाजी गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर, अशी वाटणी होते. प्रति सिलिंडर 300 रुपये अनुदान आणि राज्यात 2024 मध्ये जाहीर झालेल्या अन्नपूर्णा योजनेचे वर्षाला तीन मोफत सिलिंडर यांनी भार हलका होतो, पण चूल विझत नाही.

या मोळीची खरी किंमत समजण्यासाठी एक ढोबळ हिशेब करता येतो. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. एक किलो गॅसमध्ये सुमारे 11 हजार किलोकॅलरी उष्णता असते आणि शेगडीवर तिच्यातली 60 टक्के तरी भांड्यापर्यंत पोहोचते. वाळलेल्या लाकडात किलोमागे 4 हजार किलोकॅलरी धरल्या, तरी साध्या तीन दगडांच्या चुलीत त्यातल्या 10 ते 15 टक्केच कामी येतात. या हिशेबानं एका सिलिंडरचं काम करायला सुमारे 200 किलो लाकूड लागतं. एक मोळी 25 किलोची धरली, तर आठ मोळ्या.

आठ मोळ्या म्हणजे आठ फेऱ्या, आठ सकाळी. वेडीच्या काट्यांनी सोललेले हात आणि पायात मोडलेले काटे वेगळेच. चुलीच्या धुराचा हिशेब तर यात धरलेलाच नाही. घरातल्या धुराच्या प्रदूषणामुळे जगात वर्षाला सुमारे 32 लाख मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 सालासाठीचा अंदाज आहे. बाईच्या वेळेला आणि फुप्फुसाला किंमत लावली, तर फुकटचं सरपण मुळीच फुकट नाही. पण घरखर्चात ही किंमत कुठे लिहिली जात नाही. सिलिंडरचे पैसे मात्र रोख मोजावे लागतात.

मग ती संकट का ठरली?

वेडीच्या शेंगा गोड असतात. गुरं, शेळ्या-मेंढ्या आणि रानातली जनावरं त्या आवडीनं खातात. बिया मात्र पचत नाहीत. त्या शेणा-लेंडीतून जागोजागी पडतात आणि शेणाच्याच खतात रुजतात. म्हणजे जिथे जनावर चरतं तिथे वेडी पोहोचते, आणि जिथे ती दाट होते तिथे जनावराला चरता येत नाही. शेंगा अति प्रमाणात खाल्ल्या, तर गुरांचं पोट बिघडतं आणि जबड्यालाही अपाय होतो.

तिची पानं शेळीसुद्धा फारशी खात नाही. त्यामुळे तिच्यावर निसर्गाचा लगाम नाही. दाट सावलीत आणि तिच्या पाल्यातून झिरपणाऱ्या रसायनांमुळे खालचं गवत खुरटतं. मारवेल, शेडा यांसारखी चाऱ्याची गवतं मागे हटतात. ती हटली की धनगरांची चराई हटते आणि गवतावर जगणारे पक्षी-प्राणीही. सोलापूरजवळचं नान्नज अभयारण्य 1979 मध्ये माळढोकासाठी घोषित झालं. माळढोकाला उघडा, नजर पोहोचेल असा माळ लागतो. काटेरी झुडपांचं रान त्याच्या उपयोगाचं नाही.

इथे एक जुना गैरसमजही आडवा येतो. उघडा माळ दिसला की त्याला ओसाड जमीन म्हणायचं आणि तिथे झाडं लावायची, ही सवय ब्रिटिश काळापासूनची आहे. प्रत्यक्षात गवताळ माळ ही स्वतंत्र परिसंस्था आहे. तिच्यावर झाडांची गर्दी करणं म्हणजे हिरवाई वाढवणं नव्हे.

तोडली की ती संपते का?

नाही. आणि सगळा गोंधळ इथेच आहे. सरपणासाठी केलेली तोड वेडीला मारत नाही, उलट तिला आणखी दाट करते. एका खोडाच्या जागी आठ-दहा धुमारे येतात आणि झाडाचं झुडूप होतं. त्यातून माणूस वाकूनही जाऊ शकत नाही. तिला खरोखर संपवायचं असेल, तर जमिनीखाली जाऊन मुळाचा वरचा, फुटवे फोडणारा भाग काढावा लागतो. त्यानंतर पहिली काही वर्षं उगवणारी रोपं उपटत राहावं लागतं, कारण जमिनीत बियांचा साठा पडून असतो.

हे काम कोयत्याचं नाही, कुदळीचं किंवा जेसीबीचं आहे. जेसीबी आला की खर्च आला, आणि खर्च आला की ठेकेदार आला. ठेकेदाराला जाड खोड हवं असतं, कारण पैसा त्यात आहे. मुळं खणण्यात आणि पुढची तीन-चार वर्षं रोपं उपटण्यात त्याला रस असण्याचं कारण नाही. म्हणून एकदा साफ केलेला तलाव दोन-तीन पावसाळ्यांनंतर पुन्हा माजलेला दिसतो.

गुजरात आणि तमिळनाडूनं काय अनुभवलं?

बन्नीत लोक या झाडाला गांडो बावळ म्हणतात. त्याचाही अर्थ वेडी बाभूळच. एकेकाळी म्हशी आणि गवतासाठी ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशाचा निम्म्याहून अधिक भाग तिनं व्यापला. 2004 मध्ये गुजरात सरकारनं तिच्या तोडीवरची बंदी उठवली आणि कोळशाचा धंदा झपाट्यानं वाढला. अनेक मालधारी कुटुंबांना त्यातून रोख पैसा मिळू लागला. 2008 मध्ये पुन्हा बंदी आली. या चार वर्षांनी एक प्रश्न उघड केला : एकाच घरात म्हशीसाठी गवत हवं असतं आणि अडीअडचणीला कोळशाचा पैसाही. झाड पूर्ण गेलं तर एक उत्पन्न जातं, झाड राहिलं तर दुसरं.

तमिळनाडूत तिला सीमई करुवेलम म्हणतात. भूजल पिऊन टाकणारं झाड म्हणून तिथे तिच्याविरुद्ध मोठी मोहीम उभी राहिली. 2017 च्या सुरुवातीला मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं ती काढून टाकण्याचे आदेश दिले. काही महिन्यांतच, शास्त्रीय अभ्यास व्हावा म्हणून, या कामाला न्यायालयातच स्थगिती मिळाली. पुढे 2022 मध्ये राज्यानं आक्रमक वनस्पतींबाबत स्वतंत्र धोरण आणलं. त्याच राज्यातल्या रामनाथपुरमसारख्या दुष्काळी जिल्ह्यात मात्र याच झाडाच्या कोळशावर हजारो कुटुंबं जगतात. घाईनं काढलेला सरसकट आदेश जमिनीवर का अडखळतो, याचं हे उदाहरण आहे.

लाकडावर हक्क कोणाचा?

झाड एकच असलं, तरी ते कुठे उभं आहे त्यावर त्याचा मालक ठरतो. शेतातलं शेतकऱ्याचं. गायरान सरकारी मालकीचं, पण देखभाल ग्रामपंचायतीकडे. धरणाच्या संपादित पट्ट्यातलं जलसंपदा विभागाचं. राखीव जंगलातलं वनविभागाचं, आणि तिथे भारतीय वन अधिनियम, 1927 लागू. ओढ्याच्या एका काठावर चालणारी तोड दुसऱ्या काठावर गुन्हा ठरू शकते. मोळी बांधणाऱ्या बाईला हे नकाशे कुणी दाखवलेले नसतात.

लोकांचे हक्क कायद्यात अगदीच नाहीत असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये निस्तार पत्रकाची तरतूद आहे. घरगुती वापरासाठी लाकूडफाटा आणणं हा त्यातला एक विषय. वनहक्क कायदा, 2006 नं निस्ताराचे सामूहिक हक्क मान्य केले आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत झाडझाडोरा आणि खुंटही धरले. मात्र हे हक्क वापरायचे, तर आधी गावानं दावा करावा लागतो आणि तो मंजूर व्हावा लागतो. मराठवाडा आणि सोलापूरच्या माळावरच्या गावांत, जिथे जंगल कमी आणि गायरान जास्त आहे, तिथे प्रश्न बहुतेक वेळा ग्रामपंचायतीच्या ठरावावर येऊन थांबतो.

आणि तिथे लिलाव होतो. गायरानातल्या किंवा तलावातल्या झाडांचा ठेका एकाला दिला, की कालपर्यंत खुलं असलेलं सरपण त्याचं होतं. पंचायतीच्या तिजोरीत रक्कम येते, पण तिची किंमत मोळीवर जगणारी, बहुतेक भूमिहीन घरं मोजतात.

कोळशाच्या भट्टीवर कोण राबतं?

तोडलेलं सगळं लाकूड चुलीत जात नाही. बरंचसं कोळशासाठी जातं. लाकडं रचायची, पाला आणि मातीनं झाकायची आणि हवा मोजकीच देत कित्येक दिवस धुमसत ठेवायची, ही जुनी पद्धत आजही चालते. एक किलो कोळशासाठी साधारण चार-पाच किलो लाकूड लागतं. भट्टीला कुठे भोक पडलं तर सगळा माल राख होतो, म्हणून रात्रीही जागता पहारा ठेवावा लागतो.

या कामावर रायगड, ठाण्यातली कातकरी कुटुंबं मोठ्या संख्येनं जातात. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी, अशी या समाजाच्या नावाची ओळख. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी ती एक. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, मुकादम उचल देतो. ती फेडायला दिवाळीनंतर अख्खं कुटुंब दूरच्या भट्टीवर जातं. हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि उचल अनेकदा फिटतच नाही. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं बंद झाली. तरीही कोळसा भट्ट्यांवरून वेठबिगार मजुरांची सुटका झाल्याच्या घटना त्यानंतरही समोर येत राहिल्या आहेत. वेडी बाभूळ काढण्याची कोणतीही योजना आखताना ती तोडणारे हात कोणत्या अटींवर राबतात, हे पाहावंच लागेल.

मग मार्ग काय?

पहिली गोष्ट म्हणजे सगळीकडे एकच नियम लावू नये. माळढोक, चराईचं गायरान, तलावाचं पोट इथून वेडी मुळासकट काढायला हवी. गावालगतच्या, इतर काही न उगवणाऱ्या खारट तुकड्यावर ती सरपणासाठी राखली, तर बिघडत नाही. तिथे फुटव्यांची विरळणी करून एक-दोन खोडं वाढू दिली, तर लाकूड जाड मिळतं आणि आत शिरताही येतं. शेंगा पिकण्याआधी गोळा केल्या, तर प्रसारही रोखता येतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी खोड विकून मग मुळांचं बघू, असं केलं की मुळं राहतात. मुळं निघाल्याशिवाय ठेक्याची रक्कम पूर्ण होणार नाही, अशी अट हवी. मुळं खणणं आणि नंतरची निगा ही रोजगार हमीतून गावातल्याच लोकांना देता येण्यासारखी कामं आहेत. रिकाम्या झालेल्या जागी लगेच मारवेल-शेडा पेरला आणि कडेनं बोर, हिवर, देशी बाभूळ लावली, तर वेडीला परत यायला जागा उरत नाही.

तिसरी गोष्ट वाटणीची. लिलावाआधी गावातल्या गरजू घरांचा सरपणाचा वाटा ठरावात लिहून वेगळा काढता येतो. जाड खोड ठेकेदाराला, फांद्या आणि फाटा गावाला, ही साधी विभागणीही मोठा फरक करू शकते. जोडीला सिलिंडर परवडेल अशी व्यवस्था झाली नाही, तर साफ केलेल्या गायरानावरच्या उरल्यासुरल्या देशी झाडांवर कोयता चालेल, हे उघड आहे.

वेडी बाभूळ आणताना गावाला कुणी विचारलं नव्हतं. ती काढतानाही विचारलं नाही, तर माळ कदाचित मोकळा होईल, पण सकाळी कोयता घेऊन निघणारी बाई आणखी दोन मैल पुढे जाईल, इतकंच.